सरकी नसलेला कापूस

लढाईच्या दिवसांत आमच्याकडे, धनजच्या बाजूला, रॉकेल मिळेनासं झालं आणि घरोघर पुन्हा तेलाचे दिवे लागले. त्यामुळे कापूस वेचायला जाणारी बाई वातींपुरता कापूस चोळीत दडवू लागली. शेताची मालकीणही काही कमी नव्हती. दिवस कलला की ती बांधावर उभी राहायची आणि एकेकीला चाचपून सोडायची. बायका खिदळत तिच्यापुढं जायच्या. मला मात्र सकाळपासून त्याच घटकेची धास्ती असायची.

त्या साली मिशनच्या दवाखान्यात माझा डावा स्तन कापला होता. तिथल्या मडमेनं रोगाचं जे नाव सांगितलं ते आमच्या तोंडात बसेना. घरी आम्ही नुसतं ‘गाठ’ म्हणायचो, तेही दार लावून. गावात पोटाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं, कारण घरात लग्नाची नणंद होती. सासू वाईट नव्हती. “चार बायांत जाय, जीव रमन,” म्हणून तिनंच मला वेचणीला धाडलं. पण जखमेचं नाव तिनं किंवा नवऱ्यानं पुन्हा काढलं नाही. बरी झालीस ना, मग झालं! मीही मान डोलवायची. खरं तर मला माझीच किळस यायची. आंघोळीला मी डोळे मिटून बसायची, आणि निघण्याआधी जुन्या गादीतला कापूस चोळीत नीट बसवायची.

सुरुवातीला मी मालकिणीला चुकवलं. कधी पोट दुखतं म्हणून, कधी सगळ्यांच्या आधी पदराच्या ओट्यातला कापूस ओतून सटकले. मग एक दिवस तिनं हटकलंच.

“थांब वं! रोज काहून पयतं तू?”

बायका वळून पाहू लागल्या. तिनं सरळ माझ्या चोळीत हात घातला. मुठीत कापूस आला, आणि बोटं जिथं पोचू नयेत तिथं पोचली. मागून कोणीतरी म्हणालं, “सापडली!” आता ही विचारणार आणि सगळ्यांसमोर सांगावं लागणार. 

“चोरला म्या,” मी मोठ्यानं म्हणाले. “वातीसाठी चोरला.”

शेतातल्या कापसात सरकी असते, ती हाताला लागतेच. तिच्या मुठीतल्या कापसात एकही सरकी नव्हती. कापसाच्या घरात जन्म गेलेल्या बाईला एवढं कळायला काय लागतं? तिनं माझ्याकडे पाहिलं, मूठ आवळली, आणि बायकांकडे पाठ करून तो कापूस होता तिथं परत सारला. “जाय घरी,” एवढंच म्हणाली.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. नवरा जेवला नाही. “असं काहून केलं वं माय?” म्हणत सासू कपाळ धरून बसली. चोर ठरल्याचं मला फारसं वाटलं नाही. मालकिणीच्या बोटांना माझी छाती कळली, या विचारानंच अंग आक्रसून जात होतं. नाही गेले तर ती बोलून टाकेल, या भीतीनं मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

माझ्या शेजारच्या ओळीची पात कोणीच धरली नाही. थोड्या वेळानं तिच्यात मालकीण शिरली, लुगडं खोचून आणि पदराचा ओटा बांधून. तिला वेचायची सवय कुठली! बोंडांची टोकं बोटांत शिरत होती आणि ती तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होती.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “चोर म्हनून घेतलं, पन बोलली नाई. येवढी लाज वाटते?”

“चोरीची लाज कवातरी सरन, बाई. हे कुठी लपवू?”

ती एक झाड वेचून पुढं सरकली, मग मागं वळून हळूच म्हणाली, “दुखते का वं?”

दवाखान्यातून आल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. ‘नाही’ म्हणायची इतकी सवय झाली होती की तोंड आधी त्यासाठीच उघडलं.

“दुखते,” मी म्हणाले. “लय दुखते.”

आणि बायका पाहत असताना, ओट्यातल्या कापसात तोंड खुपसून मी रडले.

“काय पायता?” मालकीण त्यांच्यावर ओरडली. “आपली आपली पात वेचा!”