बोहनीचं कुलूप

मंदाला मी फसवलं. आरमोरीत मला ओळखणाऱ्या एकाही माणसाला हे ठाऊक नाही. घरात नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक.

मंदा माझ्या नणंदेची मुलगी. भामरागडच्या पलीकडचं त्यांचं गाव पावसाळ्यात तुटतं, शाळा बुडते, म्हणून दहावीसाठी ती आमच्याकडे राहायला आली. तिच्या वडिलांनी धान विकून सायकल घेतली, एसटीच्या टपावर बांधून आणली आणि मला म्हणाले, "वहिनी, कुलूप तेवढं तुमीच पाहून घ्या. तुमच्यासारखा भाव आमाले नाई करता येत."

मी फुगले. का फुगू नये? डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव भांडी विकली मी, आज बाजारात स्वतःचं दुकान आहे. आणि माझी एक खोड — की चलाखी म्हणू? — बाजाराच्या दिवशी पालं उभी होत असतानाच मी खरेदीला जाते. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दिवस खराब जातो, असं आमच्याकडचे दुकानदार मानतात. मीही मानते. बोहनीला माणूस कसा अडतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

कुलूपवाला अजून दोऱ्या ताणत होता. त्यानं जाड साखळीचं कुलूप पुढं केलं. मी बारीक तारेचं, वरून हिरवं प्लास्टिक असलेलं उचललं आणि त्याचाही भाव निम्म्यावर आणला.

"बाई, हे सायकलीच्या कामाचं नाई," तो म्हणाला. "जोरात ओढलं का निघते. साखळीचं न्या, कमी करतो मी."

"मले शिकवून राह्यला काय? हेच दे, नाईतर चालली मी."

"न्या मंग. पण बोहनीचा माल वापस घेत नाई, आताच सांगतो."

त्या माणसाचा मला आजही राग येतो. असला माल मांडलाच कशाला? माझ्या हातात दिलाच काऊन? त्याच्या पालासमोरून जाताना मी अजून तोंड फिरवते. पण त्यानं सांगितलं होतं — स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या रागात हे वाक्य कधीच येत नाही.

त्याच संध्याकाळी मंदा शिकवणीहून यायच्या आत मी नवऱ्याच्या जुन्या सायकलीला ते कुलूप लावून पाहिलं. एक हिसका दिला. तारेचं टोक हातात आलं. परत दाबलं — टक् वाजलं, आणि कुलूप पुन्हा नव्यासारखं दिसायला लागलं.

वापस करता येत नव्हतं, ठीक. दुसरं घ्यायची ऐपत नव्हती काय? होती. पण कुलूप कितीला पाडून आणलं, ते मी सकाळीच गल्लीभर सांगून आले होते. बायका हसल्या होत्या, एक म्हणाली होती, "तुमच्यापुढं बसणारा दुकानदार घरी जाऊन रडत असन." त्याच बायकांसमोरून दुसरं कुलूप घेऊन कशी येऊ? — एवढंच होतं. याहून मोठं काही कारण नव्हतं.

मंदा आली. तिच्या हातात चाबी ठेवून मी म्हणाले, "मजबूत हाय. लावत जा बरोबर."

बारा-पंधरा दिवसांत शिकवणीच्या दारातून सायकल गेली. कुलपासकट. मंदा चालत घरी आली, चाबी मुठीत घट्ट धरून.

"मामी, मी लावलं होतं. आवाज आला, मी आयकला."

तेव्हा बोलता आलं असतं, नाही का? मी म्हणाले, "चाबी जवळ हाय म्हणजे कुलूप लावलं, असं होते काय? पोरींसंग गप्पा मारत सुटली असशील." तिनं पुन्हा सांगितलं. मी आवाज चढवला. माझ्या आवाजाला बाजारातली माणसं मागं सरतात — मला हे ठाऊक आहे, मी ते वापरते. पंधरा वर्षांच्या पोरीवर वापरलं. तिसऱ्यांदा ती गप्प झाली.

तिचे वडील आले. शिकवणी लांब, दुसरी सायकल घेणं त्यांना जमणार नव्हतं. मी घ्यायला हवी होती. ते न सुचल्यासारखं करून मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, पोरीचं ध्यान नाई. आज सायकल गेली, उद्या काय होईन, मले जिम्मा नोको." त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. माझ्यापुढं. पोरीला घेऊन गेले. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, मंदाची दहावी राहिली, ती राहिलीच. पुढं लग्न झालं.

गेल्या महिन्यात वरोऱ्याला एका लग्नात ती भेटली. कडेवर मूल, अंगानं भरलेली, बोलकी. बायकांत कुणीतरी पर्स कुठं ठेवली ते विसरलं, तशी मंदा हसून म्हणाली, "माझ्यासारखीच हाय तू. मी तर सायकलीले कुलूप लावाचं विसरली होती, शाळाच सुटली माझी. विचारा मामीले."

ती मला टोचत नव्हती. मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तिला खरंच तसं वाटतं. कुलपाचा आवाज तिनं ऐकला होता, आणि माझा ऐकून ऐकून तो तिला आठवेनासा झाला.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "लहानपणापासून अशीच हाय."

आणि वर हसले.

चोर कोण होता, मला माहीत नाही. पण मंदाची दहावी त्यानं नेली नाही. तिचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा, आणि ज्या बाईनं तो द्यायचा आहे, ती त्या लग्नात पोटभर जेवून घरी आली.