ताणलेल्या कॅसेटमधला आवाज

आमच्या गावात मी हेडमास्तरांपासून हेडमास्तरांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. म्हणून एका जुन्या रॉक बँडनं मला स्टुडिओत बोलावलं. ते आपलीच गाणी पाहुण्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेत होते, आणि मधेमधे माझ्या नकला. मूळ गायक, म्हणजे दादा, काचेच्या अलीकडं एकटेच बसलेले. वरची पट्टी आता त्यांना लागत नाही. पलीकडं पाहुणा गायला लागला की यांचे नुसते ओठ हलायचे.

"ए नकल्या, माझी कर की."

मी त्यांच्या तरुणपणीच्या आवाजात ओळ उचलली आणि शेवटचा सूर झोकात डुगडुगवला.

ड्रमवाले काका खिदळले. "दादा असं कधी गायला रे?"

"आमच्या कॅसेटमध्ये तसंच आहे!"

"येड्या, टेप ताणली असंल तुमची!"

सगळे हसले, मीपण. माणूस म्हातारा होतो, पण कुणाच्या तरी घशात त्याचा आवाज तरणाच राहतो. त्याला साधं कळवतही नाही कुणी.

दादा हसले नव्हते. "परत म्हण," म्हणाले. "त्या डुगडुगीसकट."

मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत, बिचकत बिचकत, पाहुण्यासारखी साथ धरली.