आजींच्या मापाची सीट

स्पोर्ट्स कारची सीट मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला हसूच आलं. वरून लाल धाग्याची शिलाई, चामड्यावर उमटवलेला शिक्का, आणि आत काय, तर पत्र्याच्या परातीवर बोटभर कडक फोम. आमच्या हिंगोलीकडच्या एसटी स्टँडवरच्या बाकड्यालासुद्धा याहून जास्त माया असते. पण ज्याने ही गाडी घेतलेली असते त्याला हे सांगायची सोय नाही. तो म्हणतो, स्पोर्टी फील आहे. शेजारी बसलेल्या बायकोच्या कमरेत कळ येते, तोही स्पोर्टी फीलच.

मी आठवीतून शाळा सोडली. कारण सांगण्यासारखं काही नाही, सोडली. गावातला एक जण पनवेलला होता, त्याच्यामागे आलो आणि पळस्प्याच्या बाजूला जुन्या हायवेवर उस्तादांच्या सीट कव्हरच्या दुकानात टेकलो. तो गावकरी पुढे निघून गेला, मी राहिलो. उस्तादांनी माझ्या हातात कात्री दिली, दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, आणि त्यांच्या घरून येणाऱ्या डब्यात माझ्या दोन चपात्या पहिल्या आठवड्यापासून वाढल्या. आजही वाढतात. इतकं असूनही दुकानात कोणी जरा आवाज चढवून बोललं की मला वाटतं, झालं, आता आपली पिशवी भरायची. उस्तादांनी मला कधी जा म्हटलेलं नाही. तरी भीती आहे ती आहेच.

तर या गाड्या. शनिवार आला की नेऱ्याकडच्या फार्महाऊसवर जाणारे लोक त्या घेऊन निघतात. विचुंब्याला नवीन टॉवर झाले तिथेही दोनचार आहेत. गाडी दिसण्याआधी तिचं बोंबलणं ऐकू येतं, आणि मग गतिरोधकाशी येऊन ती अशी तिरकी तिरकी होते, जशी एखादी नवरी उंबरठ्यावरचं माप पाडायला घाबरते. मागून ट्रेलरवाला हॉर्न देतो. एवढ्या पैशात ट्रेलरचं अख्खं तोंड आलं असतं आणि त्याच्या केबिनमध्ये पाय पसरून झोपता तरी आलं असतं.

यांची तक्रार नेहमी शेजारच्या सीटची. स्वतःच्या सीटची तक्रार घेऊन आलेला मालक मला आठवत नाही. स्वतःला दुखत असलं तरी दुखत नाही. बायको बसत नाही, सासरे एकदा बसले आणि परत बसले नाहीत, मैत्रीण म्हणते टॅक्सीने जाऊ. मग ते आमच्याकडे येतात आणि सांगतात, मऊ करा, पण दिसायला काही बदलायला नको. म्हणजे भाकरी खायची आणि परातीतली कमी व्हायला नको. काही जण बाजारातली गादी आणून वर टाकतात. मग बसणाऱ्याचं डोकं छताला लागतं, आणि ब्रेक मारला की गादीसकट माणूस पुढे. फोम वाढवला म्हणजे आराम वाढला, हे ज्याने यांच्या डोक्यात भरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

एका दुपारी अशीच एक पिवळी गाडी आली. मालक पस्तिशीचा, खाडीकडच्या एका गावचा, घरचे ट्रेलर बंदरावर चालतात. तो उस्तादांना चाचा म्हणाला आणि मला ए भावा. आधी त्यांच्याकडे सात जणांची मोठी गाडी होती. ती विकून हा दोन सीटचा पिवळा बेडूक आणला होता. अडचण त्याने स्वतःच सांगितली. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी कामोठ्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. पहिल्यांदा या गाडीतून नेलं तर दवाखान्याच्या दारात दोघांनी ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून ती रिक्षाने जाते, आणि गावात चर्चा, की आईची गाडी विकून पोराने खेळणं आणलं.

“चाचा, आय यात फर्स्ट क्लास बसली पायजे,” तो म्हणाला. “एकदा सगळ्यांसमोर यातून कामोठ्याला गेली ना, बास. तोंडं बंद.”

आईची उंची किती, म्हणून उस्तादांनी विचारलं. त्याने हवेत हात धरून दाखवलं, फ्रीज केवढा आहे हे दाखवतात तसं. उस्ताद म्हणाले, दर्जी असा हात बघून सदरा बेततो का? बसणाऱ्याला आणा. आमच्या दुकानात ही रीतच आहे. ज्याची बैठक त्याचं माप, त्याशिवाय फोमला ब्लेड लावायचं नाही. बरीच गिऱ्हाइकं या रीतीला कंटाळून पुढच्या दुकानात जातात. हा गेला नाही. उद्या आणतो म्हणाला, गाडी ठेवली आणि ड्रायव्हरला फोन करून निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याआधी त्याची बायको आली, एकटी, मुलीला क्लासला सोडून. उस्ताद नमाजला गेले होते. त्या वहिनी गाडीकडे न बघता सरळ माझ्याकडे आल्या आणि विचारलं, ही सीट नीट होणार का? मला वाटलं काळजीने विचारतायत, म्हणून म्हटलं, होणार, काही चिंता करू नका. तर त्यांचा चेहरा पडला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाकडून ऐकलं नव्हतं. मोठी गाडी होती तेव्हा त्याच ती चालवायच्या. ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना दवाखान्यात नेणं, चालवत वर घेऊन जाणं, व्यायामाच्या वेळी कुशीला उशी लावणं, बाथरूमला नेणं, सगळं त्यांच्याकडे. आता रिक्षा झाली तरी दोघी जातात. पिवळी गाडी चालवायची नवऱ्याने त्यांना बंदी केलेली. बायकांच्या हाताची गाडी नाही ही, म्हणाला. आणि गाडीत जागा दोन. सीट नीट झाली की एकीवर तो, एकीवर आई.

“हे गेटवर सोडणार आणि फोन आला म्हणून निघणार,” वहिनी म्हणाल्या. “आतमधी त्यांचा हात कोण धरील? भाऊ, तुमी सीट नका करू नीट. नाय जमत म्हणा. मग इकावीच लागंल ही.”

त्या निघून गेल्या आणि मी परत कात्री हातात घेतली. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं वाटत होतं. आणि त्याचबरोबर असंही वाटत होतं, की आपण मुद्दाम काम बिघडवलं आणि उस्तादांना कळलं तर? एखादी सीट वाकडी शिवायला मला जमलंही नसतं कदाचित, पण तसा विचार तरी डोक्यात आला, एवढ्यानेच मी त्यांच्या डब्यातली चपाती खाताना मान वर केली नाही. शेवटी नळावर हात धुताना सांगून टाकलं.

उस्ताद चिडले नाहीत. हात पुसले. म्हणाले, “पोरा, कुणाच्या दुआसाठीसुद्धा खराब काम करायचं नाही. सीट बनव. घर त्यांचं आहे, ते बघतील.”

मला तेव्हा ते उत्तर फार आवडलं नाही. उस्तादांचं मला न आवडलेलं ते एकमेव वाक्य असावं.

त्याच संध्याकाळी मालकाच्या आई, म्हणजे माझ्यासाठी आजी, मापासाठी आल्या रिक्षाने, वहिनींना धरून. मुलगा रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसला होता, उतरताना गॉगल घातला. आजी ठेंगण्या, लुगडं नेसलेल्या, एक पाय ताठ टाकत चालायच्या. मी त्यांना स्टुलावर बसवून पायाचं माप घेतलं, पाठीचं घेतलं, उठताना हाताचा जोर कुठे देतात ते बघितलं. त्यांनी माझं गाव विचारलं. हिंगोली कुठे ते त्यांना माहीत नव्हतं, तरी लांब हाय, म्हणाल्या, आणि आई आहे का विचारलं. आहे म्हटलं. मुलगा तेवढ्या वेळात फोनवर होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि मी टेपाकडे बघत होतो.

मग कामाला लागलो. या गाड्यांची सीट काढायची म्हणजे जीव मुठीत. खाली पिवळी वायर असते, एअरबॅगची, चुकलं तर ती तोंडावर फुटायची. आधी बॅटरी सोडायची, थांबायचं, मग वायर. पाठीच्या ज्या बाजूत एअरबॅग असते तिला हात लावायचाच नाही. मी वायर सोडल्यावरही दोनदा बघितली. बसायच्या भागाच्या दोन्ही कडा अशा उभ्या असतात, की वळणावर माणूस हलू नये. वळण घ्यायला इथे रस्ता कुठेय? दाराकडची कड मी उतरती कापली, म्हणजे आजींना मांडी घसरवत पाय बाहेर काढता येईल. मधला दगड काढून खाली घट्ट आणि वर नरम असे दोन थर दिले. कमरेच्या खळग्यात फोमची पाचर भरली. आजी ठेंगण्या म्हणून सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांखाली लोखंडाचे जाड तुकडे देऊन सगळी सीटच वर उचलता आली. आता त्यावर मालकाचा एखादा उंच मित्र बसला असता तर टाळकं छताला आपटलं असतं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

सीट चांगली झाली. मी स्वतः बसून बघितलं आणि मला वहिनींची आठवण होऊन लाज वाटली.

गाडी न्यायच्या दिवशी तिघं आले. तिथूनच दवाखान्यात जायचं होतं. मालकाने ट्रेलरवरच्या दोघा पोरांनाही बोलावलं होतं, व्हिडिओ काढायला. आजींनी आधी ढुंगण टेकलं, मग मी सांगितलं तसे पाय एकेक करून आत घेतले, आणि मागे टेकल्या. डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो.

“कशी हाय आये?” मुलाने विचारलं.

“बरी हाय. लय बरी हाय,” आजी म्हणाल्या.

तो खूश. व्हिडिओवाल्याला म्हणाला, हे घे, हे घे. वहिनी मागे उभ्या होत्या, पिशवीत दवाखान्याची फाइल, पाण्याची बाटली, आजींची उशी. त्यांनी ती पिशवी आजींच्या पायाशी ठेवली आणि त्या बाजूला झाल्या. बास, संपलं, मी मनात म्हटलं. चांगलं काम करून आपण हे केलं.

मालक फिरून आपल्या दाराकडे जायला लागला तेव्हा आजींनी डोळे उघडले.

“ही कशी येल?” सुनेकडे बोट करून त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, ती येईल रिक्षाने मागून, नाहीतर आज राहू दे, मी आहे ना. आजी म्हणाल्या, तू मना चालवत वर नेशील? बाथरूमला नेशील? पोरं मोबाइल खाली करून इकडेतिकडे बघायला लागली. तो हसला, म्हणाला, आये, तिथं बाया असतात कामाला.

“त्या बाया माझ्या कोन लागतात?” आजी म्हणाल्या. “चावी तिला दे. तिला गाडी येते. तू ये रिक्षानं.”

त्याने समजावलं. ही गाडी वेगळी, पॉवर वेगळी, रस्ता खराब. आजींनी ऐकून घेतलं. मग त्याने उतर म्हटलं, आपण घरी बोलू. आणि आजी उतरेनात. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पुन्हा डोळे मिटून मागे टेकल्या आणि म्हणाल्या, मी हितंच बसते, सीट बरी हाय, मना घाई नाय. पहिल्या वेळी दोघांनी ओढून काढलं होतं. आता ओढणार कोण आणि कोणासमोर? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा सगळा माझा कट होता. मी भिंतीला लागलो. वाटलं, आता हा उस्तादांवर आवाज चढवणार, आणि मग माझं काही खरं नाही.

उस्तादांनी समोरच्या टपरीवाल्याला हात करून चहा सांगितला. एवढंच केलं त्यांनी. आजींचा चहा त्यांनी स्वतः गाडीच्या खिडकीतून दिला. आजींनी बशीत ओतून फुंकर मारत प्यायला, त्या पिवळ्या बेडकात बसून, आणि जुन्या हायवेवरून जाणारे लोक मान वळवून बघत गेले. मालकाला बहुतेक ते बघणंच सोसलं नाही. व्हिडिओसाठी आणलेली गाडी, आणि व्हिडिओ असा.

त्याने चावी बायकोच्या हातात दिली नाही. बॉनेटवर ठेवली. वहिनींनी ती उचलली, चप्पल काढून मागे टाकली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली, आणि अगदी सरळ गेली. आजींनी खिडकीतून हात बाहेर काढला, मला आधी वाटलं चहाची बशी परत देतायत. पण बशी माझ्याकडेच होती, त्यांनी मला हात केला होता.

ती पोरं सटकली. मालक दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. कापून टाकलेले फोमचे तुकडे त्याच्या बुटाला चिकटत होते. मग त्याने मला विचारलं, खरंच बरी झालीय का सीट? मला आधी वाटलं टोमणा आहे. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता.

बरी झालीय, म्हटलं. आणि मी रस्त्यावर जाऊन त्याच्यासाठी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने विचारलं कुठे. मालक आत बसला, गुडघे आवळून, आणि म्हणाला, “कामोठे. ती पिवळी गाडी गेली ना, तिच्या मागं.”