हेझलने सुकाणू धरलं तेव्हा

एकोणीस उन्हाळे हेझल ट्रँटर कालव्याच्या काठाने चालत आली. दर जुलैत ती आणि तिचा नवरा रेज डडलीहून येऊन आठवडाभरासाठी एक लांबलचक, अरुंद बोट भाड्याने घ्यायचे. सुकाणू रेजकडे, लॉकचे, म्हणजे बोटीला पाण्याबरोबर वर-खाली नेणाऱ्या हौदांचे, दरवाजे हेझलकडे. सुटं लोखंडी हँडल फिरवून लॉकमध्ये पाणी भरायचं, मग ओंडक्याएवढ्या दांड्याला पाठ लावून दरवाजा रेटायचा. पाऊस असो की ऊन. रेज मागे सुकाणूपाशी उभा राहून सूचना द्यायचा. "तीस वर्षं डबलडेकर चालवली आहे मी," तो म्हणायचा, "हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही."

विसाव्या वर्षी मार्चमध्ये हेझलचा खुबा बदलला. चाला भरपूर, पण जड रेटारेटी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

"यंदा समुद्रावर जाऊ," रेज म्हणाला. "बाकावर बसून चिप्स खाऊ."

हेझल बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "बोटीवरच जायचं. सुकाणू मी धरीन, दरवाजे तू बघ."

रेज इतका हसला की त्याला ठसका लागला. हेझलने आणखी दोन बटाटे सोलले.

पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात बोट लव्हाळ्यात घुसली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे तिला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. समोरच्या पबच्या अंगणात बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

रेजचे कान लाल झाले. "आण इकडे. लोक हसतायत."

"हसू देत. तू बांबू घे आणि काठाला रेटा दे."

"अगं पण..."

"दांड्याला हात लावायचा नाही, रेज."

रेजने बांबू उचलला.

हेझलने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एकदम उमगलं. तीनशे पोरांचं कस्टर्ड ढवळताना डाव थांबवला तरी पातेल्यातलं कस्टर्ड फिरतच राहतं. बोटीचंही तेच होतं. तिला आधी सांगून ठेवायचं आणि मग धीर धरायचा. ती घाईघाईने दांडा इकडेतिकडे करत होती, तिथेच चुकत होतं. संध्याकाळपर्यंत तिने तीन पूल पार केले, एकालाही न घासता.

तिसऱ्या दिवशी ऑडलमची चढण आली. एकामागोमाग एक पंधरा लॉक. हेझल प्रत्येक लॉकमध्ये बोट अलगद आत घालत होती. दोन्ही बाजूंना भिंत इतकी जवळ की मधे तळहात मावला नसता. वर रेज दरवाजे रेटत होता. पाचव्या लॉकला त्याने कोट काढला. आठव्याला तो दरवाजाच्या दांड्यावरच बसला.

"अगं, हे एवढं जड असतं?"

"एकोणीस वर्षं जडच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुझ्या इंजिनापुढे ऐकू कुणाला येतंय?"

रेज उठला आणि राहिलेल्या सगळ्या लॉकचे दरवाजे त्याने उघडले.

पाचव्या दिवशी परत फिरायचं होतं. बोट कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब. काठाला एक खाच ठेवलेली असते, तिच्यात नाक खुपसून शेपूट फिरवायची. त्यात वारा सुटला. पहिल्या खेपेला वाऱ्याने बोट आडवी लोटली. दुसऱ्या खेपेला शेपूट चिखलात रुतली. काठावरच्या मासेमाराने निमूटपणे आपला गळ गुंडाळला.

"दोरी टाक!" रेज काठावरून ओरडला. "मी ओढून फिरवतो!"

"ओढायचं नाही!"

"हट्ट करू नकोस, खुबा दुखेल!"

"खुबा माझा आहे!"

तिसऱ्या खेपेला तिने वाऱ्याचा अंदाज घेऊन नाक खाचेच्या जरा आधीच वळवलं, दांडा पार टोकाला नेला आणि थांबली. बोट जागची हलेना. हेझलचे ओठ घट्ट मिटलेले. मग शेपूट हळूहळू सरकू लागली, विलो झाडाच्या फांद्या हेझलच्या डोक्यावरून खरवडत गेल्या आणि बोट वळली.

"बाई, आता मासे पकडू का?" मासेमाराने विचारलं.

"खुशाल पकडा."

रेज बोटीवर चढला. तिच्या केसांत अडकलेली पानं त्याने एकेक करून काढली. "माझी बस एवढी लांब नव्हती," तो म्हणाला.

पुढची सहा वर्षं सुकाणू हेझलकडेच राहिलं. रेजला दरवाजांची गोडी लागली. लॉकवर भेटेल त्याच्याशी गप्पा मारताना तो बोट विसरायचा आणि हेझलला भोंगा वाजवावा लागायचा. मग त्याचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी हेझलच्या भाचीला, लोर्नाला, सोबत घेतलं. चाळिशीची लोर्ना बँकेत साहेब होती. बोटीवर पाय ठेवताच ती म्हणाली, "मावशी, सुकाणू मला दे ना."

हेझलने तिच्या हातात लॉकचं लोखंडी हँडल दिलं. "आधी पंधरा लॉक. मग बघू."