खांदा दुखला त्या दिवसाची गोष्ट

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. चामराजपेटेतल्या आमच्या घरात त्यामुळे सगळ्यांना बोलायला विषय मिळाला होता आणि मला काम. नागरकट्ट्याच्या, म्हणजे पारावरच्या नागशिळांच्या, प्रदक्षिणा माझ्या, उपास माझे, कडू काढे माझे. नवऱ्याच्या वाट्याला उसासे, तेही तो पोटभर जेवल्यावर टाकायचा. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणे. त्यांनी तंजावूरची एक मुलगी हेरून ठेवली होती. दुसऱ्या लग्नाविरुद्ध कायदा झाला होता खरा, पण तो आमच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा होता.

शेवटी हट्टाने मी एका लेडी डॉक्टरकडे गेले. तेव्हा गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला आत वायू सोडत.

"उठून बसलात की खांदा स्वल्प दुखेल," त्या म्हणाल्या. "दुखला तर आनंद माना. नळ्या मोकळ्या. मग यजमानांना तपासायला पाठवा."

घरी पोचेपर्यंत खांदा असा ठणकू लागला, की मला नाचावंसं वाटलं. डॉक्टरांचं म्हणणं मी अक्कांना सांगितलं. मी तापाने फणफणले असतानाही कधी कपाळाला हात न लावणाऱ्या अक्का लगबगीने तेल कोमट करून आल्या.

"अक्का, चोळू नका. दुखू दे!"

"दुखू दे काय? वात आहे तो. आत्ता सरी होईल, बरं वाटेल."

संध्याकाळी ठणका थांबला. "बघ, दुखत नाही," अक्कांनी लेकाला ऐकवलं. "म्हणजे दोष हिचाच."

लेकाला ते लगेच पटलं. मी मात्र त्याने तपासून घ्यावं म्हणून जेवण टाकून बसले. तपासायचं ठरलं की त्याच्या कचेरीत काम निघे, नाहीतर पोटात दुखे. त्याच्या पोटाला कुणी तेल लावलं नाही. अखेर एकदाचा तो गेला, आणि परतला तो खाली मान घालून. दोष त्याच्यात होता.

"देवाची मर्जी," अक्का म्हणाल्या. "नवराबायकोनं एकमेकांना सांभाळून घ्यावं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तंजावूरला काय कळवायचं? की आता माझ्यासाठी मुलगा बघताय?"

अक्कांनी तेलाची वाटी आणली आणि लेकाचं डोकं चोळायला घेतलं.