आबांचा गुडघा

मी स्कॉटलंडला निघाले त्या दिवशी चारठाण्याच्या अलीकडं आमची एसटी अडली, ती आबांच्याच मेंढरांनी. कळप दुसऱ्याच्या भरवशावर टाकायची माझ्या वडलांना सवय नाही, म्हणून लेकीला निरोप द्यायला ते कळपासकट रस्त्यावर आले होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला. आबा सावकाश माझ्या खिडकीखाली आले.

"तिकडं जाऊन पुन्ना मेंढरांत पडू नकू," एवढंच म्हणाले. जिंतूरपर्यंत सोबतीला निघालेली आई हसता हसता रडायला लागली.

नेमकं तेच झालं. परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकलेल्या मला तिकडच्या विद्यापीठानं संधिवाताच्या संशोधनात घेतलं, कारण माणसाच्या गुडघ्याची झीज समजून घ्यायला मेंढीचा गुडघा उपयोगी पडतो. सहकारी पुस्तकं वाचून कळपात शिरायचे. मला मेंढी चालताना दिसली की कुठला पाय दुखतोय ते कळायचं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. आता माझी स्वतःची लॅब आहे. सांध्यातली गादी कशी विरते, यावर बोलायला मला देशोदेशी बोलावतात.

इकडं आबांची गादी पार विरली होती. फोनवर ते "जरा आखडायलंय" म्हणून विषय बदलायचे. मागच्या वर्षी मी घरी गेले, अंगणातून येतानाची त्यांची चाल पाहिली आणि कुठला गुडघा गेलाय ते लगेच कळलं. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला होता, पण आबा तयार नव्हते. ऑपरेशनला ते भीत नव्हते. नंतर खाली बसता येणार नाही, हे त्यांना सलत होतं. शेळीची धार काढायची ती उकिडवं बसून, लोकर कातरायची ती खाली बसून, जेवायचं ते मांडी घालून.

खरंच बसता येणार न्हाई का, असं त्यांनी मला विचारलं. खोटं बोलायचा लय मोह झाला. तरी सांगितलं, कळपामागं खुशाल हिंडाल, बसाल मात्र खुर्चीवरच.

"मग मी माज्याच घरात पाव्हना झालो की," ते म्हणाले.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना ही खुर्ची माहीत असेल. आपण आलो की कुणीतरी ती फडक्यानं पुसून पुढं करतं आणि बाकीचे खाली बसतात. तिच्यावर बसून जेवताना मीही घरात पाहुणीच असायचे. आबांची खुर्ची मला टाळता येत नव्हती. धारेवर मात्र उपाय सुचला. लॅबमध्ये आम्ही मेंढी टेबलावर घेऊन तपासतो. मी अंगणात कंबरेएवढा ओटा बांधून घेतला, म्हणजे शेळी वर आणि माणूस उभा. आबांनी काही दिवस त्या ओट्याकडं नुसतं बघितलं. मग एक शेळी चढवून धार काढून पाहिली आणि म्हणाले, "करू तुजं ते ऑपरेशन."

यंदा मी गेले तर आबा कळप घेऊन माझ्यापेक्षा भराभर चालत होते. दुपारी ताटं वाढली. घरात खुर्ची एकच, तिच्यावर आबा बसले. आई गडबडली आणि शेजारून दुसरी खुर्ची आणायला उठली. आबांनी तिला हातानंच थांबवलं.

"तिला कशाला खुर्ची? घरचीच हाय ती."

मी खाली मांडी घातली. आईनं ताट पुढं सरकवलं. गाव सोडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी घरी जेवले.