व्हॉल्यूमच्या बटणावरचा कुंकवाचा ठिपका

‘इंग्रजी अध्यापनातील अभिनव तंत्रज्ञानासाठी पारितोषिक’ असं त्या पुण्याच्या संस्थेच्या पत्रकावर जाड अक्षरात छापलेलं होतं. आमचं अर्जातलं तंत्रज्ञान म्हणजे झाकणाला रबर लावून बंद होणारा एक टेपरेकॉर्डर.

किल्लारीच्या बाजूला, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावात मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. लातूरहून जीपने जायचे, जीपनेच परतायचे. वर्गात पोरं इंग्रजीचं एक वाक्य बोलत नसत. उभं केलं की माना खाली. एकदा वैतागून मी टेपच एका मुलीच्या घरी पाठवला. म्हटलं, माझ्यासमोर नको, म्हशीसमोर बोल. ती बोलली! मग टेप रोज एका घरी मुक्कामाला जाऊ लागला. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग ते ऐकायचा, मागे शेळी ओरडायची, कुणाची आई ‘जरा जोरात बोल की’ म्हणताना सापडायची. आवाज मागच्या रांगेपर्यंत जावा म्हणून भजनी मंडळाने आपला ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर दिला होता.

त्या पारितोषिकात दोन संगणक होते, आणि माझी झोप त्या संगणकांनी उडवली होती. लातूरच्या क्लासेसचं वारं असं सुटलं होतं की पाचवी-सहावीतली मुलंही मामाकडे, मावशीकडे ठेवून लोक तिकडे घालत होते. मुलांना घालत होते, मुलींना नाही. मुलगे गेले की पट घसरणार, पट घसरला की आम्ही मागितलेला आठवीचा वर्ग मिळणार नाही, आणि सातवीतल्या मुली घरी बसणार. गावाची बैठक झाली तेव्हा पालक म्हणाले, “कंप्युटर आलं तर पोरं हितंच ठिवू.” तेव्हापासून मी देव पाण्यात घालून बसले होते.

एकच अडचण होती, आणि ती खिडकीत होती.

आमच्या वर्गाच्या खिडकीत स्टीलचे ग्लास एकावर एक उपडे रचलेले असायचे. गावात घरोघरी तसे असत. जमीन जरा हलली तरी ग्लास आधी वाजतात, मग माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो. दुधाने तोंड पोळलं होतं, सहा-सात वर्षांनीसुद्धा लोक ताक फुंकून पीत होते. ग्लास वाजले की कुणी कुणाला विचारायचं नाही, मैदानात पळायचं, हात धरून बसायचं आणि थांबायचं. ग्लास नसतील तर माझी पोरं वर्गात धड बसायचीसुद्धा नाहीत, सारखी छताच्या पत्र्याकडे बघायची.

आणि भजनी मंडळाचा स्पीकर मोठा केला की खिडकी थरथरायची.

मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, ती ग्लासं तेवढी काढून ठिवा. पुण्याची माणसं तपासायला यायलीत. काय म्हंतील?”

“पोरं बसणार नाहीत, सर.”

“एका दिसानं काय हुतंय?”

मला ते पटत नव्हतं आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नव्हतं. शेवटी मी आदल्या दिवशी एकटीने आवाज हळूहळू वाढवत नेला, ग्लास किणकिणले तिथून थोडा मागे घेतला, आणि बटणावर कुंकवाचा ठिपका लावला. ठिपक्याच्या पुढे जायचं नाही. शाळेतल्या उपकरणाला कुंकू लावलं म्हणून मुख्याध्यापकांना मात्र बरं वाटलं.

पाहुणे तिघे होते. त्यांतले अध्यक्ष वयस्कर, हातात काठी, खुर्चीत बसायलाही त्यांना आधार लागला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी सकाळी वीज गेली होती, ती ऐनवेळी आली. मी जे काही बोलले त्यातलं मला काही आठवत नाही. मी फक्त तो ठिपका बघत होते.

वाजवायला मी सातवीतल्या एका मुलीची कॅसेट निवडली होती. वर्गात ती मराठीतही फारशी बोलायची नाही. भूकंपात तिचे आजोबा खाटेवरून उठू शकले नव्हते. ती तेव्हा लहान होती, तिला कुणीतरी उचलून बाहेर आणलं होतं. टेपवर मात्र ती खणखणीत बोलायची. “दिस इज माय हाऊस,” तिचा आवाज आला. मुलं हसली, अध्यक्षांनीही मान डोलावली.

“मागे ऐकू येत नाही हो,” असं म्हणत पाहुण्यांतले तरुण गृहस्थ उठले आणि मी ‘नको’ म्हणेपर्यंत त्यांनी बटण फिरवलं.

ग्लास वाजले. मग कोसळले.

क्षणात वर्ग रिकामा झाला. काय झालंय हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी माझे पाय पळाले. मैदानात पोरं हात धरून बसली होती. मी एकेक डोकं मोजत गेले. ती मुलगी नव्हती.

मागे वळले तर ती दारात दिसली. अध्यक्षांचा हात तिने दोन्ही हातांनी धरला होता, काठी आत राहिली होती. ते इंग्रजीतून तिला समजावत होते की हा नुसता आवाज आहे, घाबरू नकोस. आणि ती इंग्रजीतूनच त्यांना ओढत होती.

“सर, कम. कम आऊट. फास्ट, सर!”

तिने त्यांना आणून मैदानात बसवलं. बाकीचे दोघे हसत हसत मागून आले. ते परत आत जाऊ लागले तशी ती म्हणाली, “नो. वेट.” ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. रिकाम्या वर्गातून मोठ्याने तिचाच आवाज येत होता, “दिस इज द डोअर. दिस इज द विंडो.” मला रडू आवरेना. पोरांना वाटलं मी भ्याले, आणि ते काही खोटं नव्हतं.

पारितोषिक लातूरच्या एका कोचिंग क्लासला मिळालं. तिथे संगणक होते, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन होता. आमच्याबद्दल शेरा आला, ‘कल्पना चांगली, उपकरणावर व वर्गावर नियंत्रण नाही.’ मुख्याध्यापक म्हणाले, “म्हणलं हुतं ना, ग्लासं काढा म्हणून.” मला त्या तरुण गृहस्थांचा इतका राग आला की कितीतरी दिवस जीपमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. आठवीचा वर्ग त्या वर्षी मिळाला नाही.

हे वर्गाला सांगणं माझ्याच वाट्याला आलं. ‘कंप्युटर येणार नाहीत,’ एवढंच मी म्हटलं. ती मुलगी पहिल्यांदाच मी न उठवता उभी राहिली.

“पर बाई,” ती म्हणाली, “ते म्हातारे सायेब भाईर आले की न्हाई?”